नाताळच्या निवडुंगाचे घरगुती कलम

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो निकालाची टक्केवारी सांगणार, नाही तर मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलणार, असे आपण धरून चालता. मी आज दोन कुंड्या घेऊन आलो आहे. टेबलावर ठेवल्या आहेत त्या. प्रारंभीच एक कबुली देतो. मी बी.ए., बी.एड. आहे, मराठी आणि इतिहास शिकवतो. वनस्पतिशास्त्राचे माझे शिक्षण दहावीच्या विज्ञानापाशी संपले. त्यामुळे जे हाताने केले आणि करताना जे चुकले, तेवढेच सांगणार आहे. चुका जरा जास्त आहेत, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

हे झाड मूळचे माझ्या नानीचे. नानी सांगलीला राहते. माझ्या अम्मीचा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये झाला. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभे केलेले हे रुग्णालय आपणापैकी पुष्कळांच्या घरी ठाऊक असेल. आपल्या कित्येक आया-आजींची बाळंतपणे तेथेच झाली. अम्मीचा जन्म डिसेंबरातला. नाताळ तोंडावर आला होता आणि वॉर्डाच्या खिडकीत राणी रंगाच्या फुलांनी लगडलेली एक कुंडी होती. नानीने चौकशी केली, तेव्हा एका परिचारिकाबाईंनी दोन पेरे मोडून कागदात गुंडाळून तिच्या हाती दिली. बाळाच्या दुपट्याबरोबर ती पेरे घरी आली आणि मोरीच्या भिंतीवर डालड्याच्या डब्यात लावली गेली. पेरांच्या कडांना खेकड्याच्या नांगीसारखे टोकदार दात, म्हणून नानी त्याला 'खेकडा' म्हणे. लहानपणी दिवाळीनंतर आम्ही सांगलीला गेलो, की खेकड्याला कळ्या आल्या का, हे पाहावयास मी आधी मोरीकडे धावत असे.

या झाडाचे शास्त्रीय नाव श्लुम्बर्जेरा. फ्रेडरिक श्लुंबर्गर नावाच्या निवडुंगसंग्राहकाच्या नावावरून शार्ल लमेर या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने ते १८५८ साली ठेवले. नाव फ्रेंच माणसाचे, झाड मात्र ब्राझीलचे. तेथील आग्नेय किनाऱ्याच्या डोंगरांत, रिओ दि जानेरोच्या आसपासच्या दमट अरण्यांत ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या कपारीत वाढते. महाबळेश्वरच्या जंगलात जांभळीच्या खोडावर आमरी धरलेली आपण पाहतो, तसेच. बांडगुळाप्रमाणे ते दुसऱ्याचा रस पीत नाही, केवळ आधार घेते. ही एक गोष्ट ध्यानात आली, की निम्मी बागकामाची पुस्तके वाचावी लागत नाहीत. निवडुंग म्हटला की आपण त्याला रखरखीत उन्हात ठेवतो आणि पाणी तोडतो. हा निवडुंग वाळवंटातला नाही, सावलीतला आहे. त्याला गाळीव ऊन हवे, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती हवी आणि पाणी मिळावे, पण ते मुळाशी साचता कामा नये. फांदीवरच्या मुळांना साचलेले पाणी ठाऊकच नसते.

आणि नेमके तेच त्याच्या वाट्याला आले. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर सांगलीकरांना सांगावयास नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या अंदाजाने सामान माळ्यावर चढवले आणि तो अंदाज बुडाला. नानीला नातेवाइकांनी आदल्या दिवशी मिरजेला हलवले, म्हणून ती सुखरूप राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही घर धुवावयास गेलो. कपाट, गाद्या, लग्नातला आरसा, सगळे चिखलात. नानी त्यातल्या कशालाच काही बोलली नाही. मोरीच्या भिंतीपाशी गेली, गाळाने भरलेली कुंडी पाहिली आणि म्हणाली, "जाने दे बेटा, वो भी गया." अम्मी तिच्या शेजारीच उभी होती. तिच्या वयाचे झाड ते.

कुंडी मी साताऱ्याला आणली. खालची पेरे पिवळी, लिबलिबीत झाली होती, वरची सुकल्यासारखी दिसत होती. सुकलेली दिसली म्हणून मी पाणी घातले. ही पहिली चूक. मूळ कुजले, की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि ते तहानलेले दिसते. आपण पाणी घालतो, ते आणखी कुजते. कुंडीतले झाड मलूल दिसले, तर पाण्याच्या तांब्याआधी मातीत बोट घालावे, हे तेव्हापासून मी शिकलो. आठ दिवसांत जे काही हिरवे उरले, ते मोजले. दोन-दोन पेरांचे सात तुकडे.

आता येथे मी शिक्षकी शहाणपण केले. मुळांनीच दगा दिला आहे, तेव्हा दुसऱ्या दणकट मुळांवर याचे कलम करावे, असे माझ्या मनाने घेतले. कल्पना वाईट नव्हती. तासगावकडच्या पालकांना मी काय सांगावे? त्यांच्या द्राक्षबागांत खालचा खुंट डॉगरिजचा आणि वरची काडी थॉमसनची असते. डॉगरिजला कमी पाणी आणि क्षारांची जमीन सोसते, थॉमसनला घड चांगले लागतात. आपणही तसेच करू, असे म्हणून मी गावाबाहेरच्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग तोडून आणला, खाच पाडली आणि चार तुकडे त्यात बसवले. पांढराशुभ्र चीक वाहू लागला. तो पुसता पुसता हात डोळ्याला लागला. दोन दिवस डोळा उघडला नाही, डॉक्टरांकडे जावे लागले. चारही तुकडे आठवड्यात काळे पडले.

झाले काय? आपण मराठीत 'निवडुंग' हा एकच शब्द दोन निराळ्या कुळांना वापरतो. कुंपणाचा त्रिधारी, शेर ही मंडळी एरंडाच्या कुळातली. तोडले की दुधासारखा चीक येतो, आणि तो चीक विषारी आहे, डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. खरे निवडुंगाचे कूळ अमेरिका खंडातले. आपल्या माळावरचा फड्या निवडुंगसुद्धा बाहेरून आलेला पाहुणाच. खऱ्या निवडुंगात पाण्यासारखा रस असतो आणि त्याचे काटे लहानशा लवदार गादीतून उगवतात. कलम साधते ते एका कुळात. आंब्यावर आंबा, द्राक्षावर द्राक्ष. एरंडाच्या नातेवाइकावर ब्राझीलचा निवडुंग कसा जगावा? दहावीचे विज्ञान जरा नीट वाचले असते, तर चार तुकडे वाचले असते.

उरले तीन. ते वाळूत खोचले, पुन्हा काळजीपोटी पाणी जास्त झाले, दोन कुजले. एकच तुकडा राहिला. त्या दिवसांत मी घरात कोणाशी फारसा बोलत नव्हतो, असे माझी पत्नी सांगते.

तो शेवटचा तुकडा मी हात न लावता ठेवला. हीच त्याची शुश्रूषा. महिन्याने हलकेच ओढून पाहिला, तर तो मातीला धरून होता. मुळे फुटली होती. यावरून पालकांना सांगतो, की या झाडाची नवी रोपे करण्यासाठी कलमाची मुळीच आवश्यकता नाही. साधा तुकडा पुरतो. फुले संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन किंवा तीन पेरांचा तुकडा सांध्यापाशी पिळून मोडावा. ज्याला आपण पान समजतो, ते पान नव्हे, चपटे झालेले खोड आहे, म्हणून तर उसाच्या कांडीप्रमाणे सांध्यातून मूळ फुटते. तुकडा एक-दोन दिवस सावलीत उघडा ठेवावा. तुटल्या जागी खपली धरली, की कुजण्याचे भय कमी होते. पोयटा माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समभाग घ्यावा. कोकोपीट मिळाले तर तेही चालते. खालचे पेर निम्मे मातीत जाईल इतकेच खोचावे. माती ओलसर असावी, चिखल नको. तीन-चार आठवड्यांत मूळ धरते. ज्यांच्या घरी ब्रह्मकमळ आहे, त्यांना हे नवीन नाही. आपण श्रावणाच्या सुमारास रात्री जागून ज्याचे फूल पाहतो, ते कुंडीतले 'ब्रह्मकमळ' या खेकड्याचेच नातेवाईक, मेक्सिकोकडचे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे.

मग कलम कशाला? एक तर मुळे नाजूक म्हणून. दुसरे, हे झाड लोंबते. उंच खुंटावर बांधले, तर छत्रीसारखे चोहोबाजूंनी खाली येते आणि फुलले की डोळे निवतात. तिसरे कारण खरे सांगावयाचे, तर माझी हट्टी हौस. एकदा हरलो होतो.

माझ्या वर्गातील एक विद्यार्थी मूळचा जतकडचा. माझी फजिती मी वर्गात सांगितली होती (मुलांना शिक्षकाची फजिती फार आवडते). त्याने घरी सांगितली. त्याच्या वडिलांनी शेतातल्या ड्रॅगन फ्रूटच्या दोन कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या पट्ट्यात आता हे फळ बरेच शेतकरी घेतात. तो वेल म्हणजे खरा निवडुंग आहे, तीन धारांचा आणि दणकट. रोपवाटिकेत आपण लाल किंवा पिवळ्या चेंडूचा छोटा निवडुंग पाहतो, तो नीट न्याहाळा. वरच्या चेंडूत हरितद्रव्य नसते, स्वतःचे अन्न त्याला करता येत नाही. खालचा हिरवा तीनधारी खुंट त्याला पोसतो, आणि तो खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचाच असतो.

कांड्या रुजावयास हिवाळा गेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाली, तोवर नानीच्या त्या एका तुकड्याला नवी पेरे फुटली होती. मी दोन पेरे काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कलमाला बसलो. पद्धत आपल्या आंब्याच्या पाचर कलमाचीच.

नवे दाढीचे पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. मुळे धरलेल्या खुंटाचा शेंडा वीतभर उंचीवर आडवा कापावा आणि मधोमध, गाभ्यातून जाईल अशी, इंचभर खोल उभी चीर द्यावी. कलमाच्या तुकड्याच्या खालच्या पेराची साल दोन्ही बाजूंनी पातळ तासावी, म्हणजे आतला गाभा दिसू लागतो आणि टोक पाचरीसारखे होते. येथे खपली धरू देऊ नये. तुकडा लावताना सुकवावयाचा, कलम करताना ओलाच बसवावयाचा, हा फरक विसरू नये. पाचर चिरेत घालताना दोन्ही गाभ्यांची गाठ पडली पाहिजे. खुंट आडवा कापला, की मध्यभागी एक फिकट कडे दिसते. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या तेथे असतात. त्या एकमेकींना भिडल्या, तर कलम जगते. नुसती साल सालीला लागून उपयोग नाही. मग आरपार एक बाभळीचा काटा टोचावा. टाचणी गंजते. वरून कपड्याचा चिमटा हलकासा लावावा, दाबून नव्हे. पंधरा दिवस सावलीत ठेवावे आणि सांध्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी वरचे पेर टवटवीत राहिले आणि नव्या फुटीचा लाल ठिपका दिसला, तर समजावे की बसले. खुंटाच्या अंगावर स्वतःचे कोंब येतात, ते खुडत राहावे. नाही तर खुंटच राज्य करू लागतो. पावसाळ्यात हा उद्योग करू नये.

'कलम' या शब्दाकडे मराठीचा शिक्षक म्हणून माझे लक्ष गेले, ते पाते हातात असताना. अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. फारसीतून तो शब्द आपल्याकडे आला आणि मराठीने त्याला तीन कामे दिली. लेखणी, कायद्यातले कलम आणि झाडाचे कलम. बोरू तिरपा तासण्याच्या चाकूला कलमतराश म्हणत. ज्या हाताने बोरू तासला, त्याच हाताने आणि त्याच तिरक्या छेदाने काडीही तासली जात असणार. आमच्या घरी तो चाकू नव्हता, दाढीचे पाते होते, इतकाच काय तो फरक.

कलम बसले. पावसाळ्यात त्याने सहा पेरे टाकली, शेजारच्या स्वतःच्या मुळांवरच्या झाडाने दोन. पण २०२० च्या डिसेंबरात कळी एकही आली नाही. नानी फोनवर विचारी, मी सांगे, अजून लहान आहे. खरे कारण निराळे होते. ते समजावयास मला पुढचा उन्हाळा लागला.

या झाडाला सण कळत नाही, रात्र कळते. सलग बारा-तेरा तासांचा अखंड अंधार आणि बरोबर गारवा, असे सहा आठवडे मिळाले, की ते कळ्या धरते. आपल्याकडे २३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते आणि डिसेंबरात ती तेरा तासांच्या आसपास पोहोचते, म्हणून फुले नोव्हेंबर-डिसेंबरात. ब्राझीलमध्ये ऋतू उलटे. तेथे रात्र मोठी होते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेथील लोक याच झाडाला 'मे महिन्याचे फूल' म्हणतात. म्हणजे नाताळ हे नाव उत्तर गोलार्धातल्या लोकांनी दिले. झाडाने ते कबूल केलेले नाही. वर्गात मी हे सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग ईदला फुलवता येईल का?" प्रश्न उत्तम होता. ईद चंद्राच्या वर्षाने चालते, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २००० साली ईद-उल-फित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली होती, तेव्हा ती आणि हे फूल आपोआप भेटले असतील. एरवी खोके वापरावे लागेल. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावयाचे, सहा आठवडे, एकही दिवस न चुकता. मग कळी दिसते आणि ती उमलावयास आणखी दीड-दोन महिने लागतात. मात्र आपल्या ऐन उन्हाळ्यात खोके घालूनही भागेलच असे नाही, कारण उकाड्यात ते कळी धरण्यास कुरकुरते.

तर माझ्या घरी काय झाले होते? शाळा बंद होत्या आणि मी रात्री अकरापर्यंत मोबाईलसमोर बसून मुलांसाठी पाठ ध्वनिमुद्रित करीत होतो. त्याच खोलीत, ट्यूबलाइटखाली, खिडकीत कुंडी होती. तिला रात्र झालीच नव्हती.

२०२१ च्या ऑक्टोबरात कुंडी मागच्या ओसरीत ठेवली. तेथे दिवा नाही, रस्त्याचा उजेड नाही. नोव्हेंबरच्या मध्याला पेरांच्या टोकांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. मोजल्या, सतरा. डिसेंबरात त्या बोटभर झाल्या आणि मला धीर धरवेना. नानीला दाखवावयाचे होते. एस.टी.चा संप चालू होता, म्हणून मोटारसायकलवर निघालो. पत्नीच्या मांडीवर कुंडी, वरून ओढणीचा आडोसा. सातारा ते सांगली, कराडमार्गे, वारा आणि खड्डे. कळी धरल्यावर या झाडाची जागा हलवू नये, नुसती दिशा बदलली तरी ते कळ्या गाळते, हे मी नंतर वाचले. सांगलीत पोहोचलो, तेव्हा ओढणीत कळ्यांचा सडा पडला होता. झाडावर दोन उरल्या होत्या.

नानीला आता नीट दिसत नाही. तिने कुंडी मांडीवर घेतली, पेरांच्या कडेवरून बोट फिरवले, दात लागले. मग बोट खाली सरकले, खुंटावर. "ये नीचे कौन है?" तिने विचारले. मी सांगितले, जतचा आहे. ती हसली. अम्मीला हाक मारली आणि म्हणाली, घे, तुझे झाड आले. चार दिवसांनी दोन्ही फुले उमलल्याचा फोन आला. पाठोपाठ दुसरा फोन, की शेजारणीने तुकडा मागितला आहे, कोठून मोडू?

टेबलावरच्या या दोन कुंड्यांपैकी उंच आहे ती सांगलीतल्या त्याच कलमापासून बांधलेली, बसकी आहे ती स्वतःच्या मुळांवरची. दोहोंची फुले याच महिन्यात संपली, म्हणून काल संध्याकाळी मी तुकडे मोडून ठेवले आहेत. बाहेर पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर परातीत आहेत, प्रत्येक घरी एक पुरेल. कागदात गुंडाळून न्यावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत वाफ धरते. आज लावू नका, उद्या संध्याकाळी लावा. आणि लावल्यावर पहिले तीन-चार दिवस पाणी घालू नका, मुलांनी कितीही आग्रह केला तरी.